चिमूटभर सुपर

उना पेथिकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आधी चूल, मग चहा, मग लेसचा पाय.

लेस तिचा नवरा. त्याचा डावा पाय मांडीपासून गेलेला. लाकडी पायाचे पट्टे तो स्वतः आवळायचा, पण उरलेल्या मांडीवर लोकरीचा मोजा उनाच चढवायची. त्या मोज्यात एक सुरकुती राहिली तरी दुपारपर्यंत कातडं सोलवटायचं. म्हणून ती मोजा चढवायची, तळहाताने वरपासून खालपर्यंत फिरून बघायची, आणि मनासारखा बसला नाही तर काढून पुन्हा चढवायची. यात घाई चालत नाही. हे झालं की मटणाच्या दोन फोडी तव्यावर टाकायच्या, त्याची ताटली झाकून ठेवायची आणि सायकल काढायची.

सायकलीने ती नदीकाठच्या शेडवर जायची. वरच्या उंच पठाराची निगा राखणारं एक सरकारी खातं होतं, त्याची ही रोपवाटिका. पठारावर वर्षानुवर्षं गुरं चरली, मग रस्ते झाले, मग बर्फावर घसरायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी लाकडी घरं झाली. जिथे जिथे माती उघडी पडली तिथे तिथे ती वाहून जाऊ लागली. त्या उघड्या जागी लावायला झाडं तयार करायची, हे शेडचं काम. डोंगरी गवत यायचं. पांढऱ्या डेझी यायच्या. येत नव्हतं ते हीथ.

हीथ म्हणजे गुडघाभर उंचीचं झुडूप. पानं बारीक, टोकाला सुईसारखी. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतं आणि मधासारखा वास सुटतो. ओढ्यांच्या काठी, कुजलेल्या शेवाळाच्या काळ्या मातीत वाढतं आणि तो काठ धरून ठेवतं. हीथ गेलं की काठ ढासळतो, आणि काठ ढासळला की सगळी काळी माती खाली नदीत. सहा महिने बर्फाखाली दबून राहिलं तरी या झुडपाची तक्रार नसते. शेडमध्ये आणून लाड केले की मात्र मरतं.

पहिल्या वर्षी छाटाची सगळी कलमं शेडच्या उकाड्यात शिजली. दुसऱ्या वर्षी ओलीने कुजली. तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी शेडचा मुकादम नोएल क्रॅब हातात टोपी घेऊन उनाजवळ आला. नोएल एरवी झोपतानाही टोपी काढत नाही असं लोक म्हणायचे, तेव्हा ती समजली.

"वरून निरोप आलाय, उना. पुढच्या वसंतात बर्फ वितळल्यावर माणूस येणार. मुळं धरलेलं हीथ दाखवा, नाहीतर शेड बंद. मग काठांवर विलायती कुरणाचं बी फेकणार आणि मोकळे होणार."

"आणि आपण?"

"मी पेन्शनीत जाईन. तू काय करशील? हॉटेलात भांडी घासशील?"

"घासली आहेत. भांडी निदान मरत नाहीत."

नोएल हसला, पण उनाला हसू आलं नव्हतं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर चहाचा एक पत्र्याचा डबा होता आणि पगारातलं जे उरेल ते त्यात जायचं. लेसला वाटायचं, बाई फ्रिजसाठी साठवतेय. उना साठवत होती ती क्लच नसलेल्या गाडीसाठी. खालच्या गावातल्या गॅरेजवाल्याने तिला सांगितलं होतं की गिअर आपोआप बदलणारी गाडी असते, तिला डावा पाय लागतच नाही. जुनी मिळेल, पण स्वस्त नाही.

लेसने तीस वर्षं पठारावर गुरं चढवली आणि उतरवली. पाय गेल्यापासून तो वर गेला नव्हता. नोएलने, भावाने, पाद्रीबाबांनीसुद्धा गाडीतून नेतो म्हणून सांगून पाहिलं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"ज्या रस्त्याने मी गुरं नेली, त्या रस्त्याने दुसऱ्याने मला न्यायचं? मग मीच गुरांतला एक झालो की!"

म्हणून तो व्हरांड्यात बसायचा आणि डोंगराकडे पाठ करून बसायचा. उनाला ते रोज संध्याकाळी सायकल लावताना दिसायचं. शेड बंद झाली की डबा बंद, आणि डबा बंद झाला की ही पाठ तशीच राहणार, हे तिला कळत होतं.

तिने नोएलला सांगितलं, "या वेळी कलमं माझ्या घरी ठेवू. मागचा व्हरांडा. तिथे ऊन येत नाही, खाली ओढा आहे, वारा खेळता असतो."

"आणि कागदावर काय लिहू?"

"लिही, सावलीत ठेवलीत."

छाट घ्यायला दोघं पहाटेच वर गेली. दव असतानाच फांदी कापायची, ऊन लागलं की ती आतून सुकायला लागते. शेंड्याकडचा बोटभर तुकडा घ्यायचा. वाकवला तर वाकला पाहिजे आणि सोडला तर परत आला पाहिजे. लोंबला तर कोवळा, मोडला तर जून, दोन्ही टाकून द्यायचे. कापलेलं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं. घरी आल्यावर खालची पानं बोटांनी काढायची. हातमोजे घालायचे नाहीत, मोज्याने सालही सोलली जाते. पानं टोचतात. संध्याकाळपर्यंत उनाच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती आणि चहाचा कपसुद्धा ती दोन तळव्यांत धरून प्यायली. कुंड्यांत जाड वाळू, त्यात थोडी पठारावरची काळी माती. त्यात काडी उभी करायची, अंगठ्याने दाबायची नाही. पाणी आपोआप माती बसवतं.

लेस खुर्चीतून हे सगळं बघत होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आता वाट बघायची. सकाळ-दुपार पाण्याचा फवारा, धुक्याइतका. मी शेडवर असेन. तू मारशील?"

"एवढंच?"

"एवढंच. आणि मुळं आली का म्हणून ओढून बघायचं नाही. झोपलंय का ते बघायला कुणी पोराला उठवत नाही."

लेसने ते काम घेतलं. आणि हळूहळू माणूस बदलला. तो रोज दाढी करायला लागला. कुंड्यांच्या ओळींमधून कुबडी टेकत फिरायचा, फवाऱ्याचा दट्ट्या मारायचा, आणि गुरांशी बोलायचा तसा कलमांशी बोलायचा. पुढच्या ओळीला त्याने 'माझ्या गाई' असं नाव ठेवलं होतं. भिंतीला लागून धुराड्यामागच्या कोपऱ्यात थोड्या कुंड्या होत्या. तिथे कुबडी टेकायला जागा नव्हती, त्यांना पाणी उना घालायची.

त्याचा भाऊ कीथ शनिवारी फुटबॉलची मॅच रेडिओवर ऐकायला यायचा. तो म्हणाला, "काय रे, कळप कसा आहे? आयुष्यभर आपल्या गुरांनी हेच झुडूप तुडवलं, आणि आता तू त्याला पाणी पाजतोस!"

"तुझ्या बैलांपेक्षा शहाणं आहे. कुंपण तोडत नाही."

"दूध किती देतं?"

"तुझ्या त्या लंगड्या गाईइतकंच. म्हणजे काही नाही."

उना आतून ऐकत होती. लेसने कुणाची चेष्टा केल्याला दोन हिवाळे झाले होते.

शरद ऋतू आला. सकाळी ओढ्यावर धुकं तरंगायला लागलं. कलमं हिरवी होती, पण जागची हलली नव्हती. हीथ असंच असतं. आधी खाली काम करतं, मग वर दिसतं. उनाला ते ठाऊक होतं. लेसला मात्र चैन पडेना. रोज बघायचं आणि रोज तेवढंच, हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

आणि शरद ऋतू म्हणजे खोऱ्यात सुपर टाकायचे दिवस. तिथली जमीन इतकी दरिद्री की सुपर फॉस्फेटचं खत पडल्याशिवाय कुरणात पान धरत नाही. लेसच्या बापाने सुपर हाताने फेकलं, लेसने ट्रॅक्टरने टाकलं, आता मोठ्या शेतांवर विमानातून टाकतात. त्या खोऱ्यातला माणूस चर्च चुकवेल, सुपर चुकवणार नाही. लेसच्या गोठ्यात जुनी अर्धी गोणी पडलेली होती.

एका संध्याकाळी उना सायकलवरून उतरली आणि थबकली. पुढच्या ओळीतल्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, जणू कुणी उदबत्तीने डागल्यात. ती खाली बसली. वाळूवर राखाडी दाणे होते. तिने एक चिमटीत धरून वास घेतला. तो आंबूस वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता.

"लेस, यात काय टाकलंस?"

लेसच्या चेहऱ्यावर हसू होतं. "दिसलं का? म्हटलं, तुला दाखवूच एकदम. काही नाही गं, सुपर. चिमूटभर. प्रत्येकाला फक्त चिमूटभर."

"कधी?"

"झाले की काही दिवस. आता बघ कशी उसळतात."

उना म्हणाली, "या झाडाला खत म्हणजे विष आहे. ते उपाशीच जगतं."

"उपाशी कोण जगतं?"

"हे जगतं."

लेसचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, ते काढून कुठे ठेवावं हे त्याला कळेना. उनाने त्याला पाणी किती ते सांगितलं होतं, हात लावू नको ते सांगितलं होतं. सुपर घालू नको हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चुलीत हात घालू नको असं कुणी आपल्या नवऱ्याला सांगतं का? आणि शेडवर तिच्या सोबतीने काम करणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती पहिल्याच दिवशी सांगायची, याला खत घालायचं नाही.

तिने एकेक कुंडी ओढ्यावर नेली, वरची वाळू खरवडली, पाण्याने धुऊन काढली. अंधार पडेपर्यंत नेत होती, दुसऱ्या दिवशीही नेत होती. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहून पाय बधिर झाले. उपयोग झाला नाही. कडांवरचा रंग देठापर्यंत उतरला. हिवाळा तोंडावर आला तेव्हा पुढच्या ओळी काड्या होऊन उभ्या होत्या. धुराड्यामागच्या कोपऱ्यातली तेवढी हिरवी राहिली, कारण लेसचा हात तिथे पोचत नव्हता. पण ती मूठभर कलमं दाखवून कुणी शेड चालू ठेवणार नव्हतं.

लेस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. सकाळी उना मोजा घेऊन आली की पाय पुढे करेना.

"राहू दे. कुठे जायचंय मला?"

"स्वयंपाकघरापर्यंत."

"जे हातात घेतो ते मरतं."

"झाडं मेली म्हणून मी मरणार नाही, लेस. आणि तुझ्या रडण्यापायी मला शेडवर उशीर होतोय. पाय दे इकडे."

त्याने पाय दिला. तिने मोजा चढवला, हात फिरवून बघितला, सुरकुती होती म्हणून काढून पुन्हा चढवला. राग होताच. पण रागात चढवलेला मोजा दुपारी टोचतो, म्हणून तिने राग बाजूला ठेवला आणि मोजा चढवून झाल्यावर परत उचलला. दार तिने जोरात आपटलं.

नोएलला सांगावंच लागलं. तो रविवारी घरी आला. उनाने भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, भाजले होते, चहा काळाकुट्ट केला होता. ती तोंड उघडणार तोच लेस बोलला.

"मी मारली. माझ्या हाताने. तिचा काही दोष नाही."

"कळलं ते."

"सुपर घातलं."

नोएलने स्कोनला लोणी लावलं. "माझ्या बापाने माझ्या आईच्या थडग्यावर सुपर घातलं होतं. गवत चांगलं यावं म्हणून." मग त्याने सुरी खाली ठेवली. "पण माणूस येणार तो येणार. मुळं धरलेली झाडं आता कुठून आणू? नव्याने छाट घ्यायला वेळच उरला नाही."

लेस कपात बघत होता.

"टोबीच्या उतारावर आहेत," तो म्हणाला.

उनाने मान वर केली. टोबीचा उतार म्हणजे पठारावरची ती पाणथळ जागा, जिथून ते गुरं ओढ्यापलीकडे काढायचे. तिथेच बर्फाळ चिखलात लेसचा घोडा घसरला होता आणि त्याच्या अंगावर पडला होता. त्या दिवसानंतर लेसने या जागेचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"तिथे काय आहे?" नोएलने विचारलं.

"मी घोड्याखाली होतो ना, माणसं येईपर्यंत. तोंड चिखलापाशी. घोडा पाय झाडत होता, त्याच्या खुराने हीथची एक फांदी उपटली गेली. माझ्या नाकासमोर. जमिनीत गाडली गेलेली फांदी. तिच्या खालच्या बाजूला मुळं होती. म्हाताऱ्याच्या दाढीसारखी, बारीक, दाट. मी तेच बघत होतो. दुसरं बघायला काही नव्हतं."

"गाडली कुणी?"

"गुरांनी. दरवर्षी उतरताना तिथून जायची. फांदी खुराखाली चिखलात जायची आणि तिथेच राहायची. एका टोकाला आईला धरून, दुसऱ्या टोकाला पान वर काढून."

"दाबकलम," उना म्हणाली.

"नाव काय ते मला ठाऊक नाही."

नोएल खुर्चीत मागे रेलला. "मग हे आधी का नाही बोललास, बाबा?"

"कुणी विचारलं? गुरांनी हीथ मारलं, हेच तुम्ही लोक इतकी वर्षं सांगत आलात."

"मारलंच," उना म्हणाली. "दहा मारली, एक लावलं."

लेसने तिच्याकडे बघितलं. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणीतरी त्याला पूर्ण खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरं. मग ते एक जाऊन आण."

बर्फ वितळेपर्यंत लेस रिकामा बसला नाही. गोठ्यात कुंपणाची जुनी तार होती. पक्कड घेऊन तो व्हरांड्यात बसायचा आणि तारेचे आकडे करायचा. एक टोक लांब, एक आखूड, वर वाक. फांदी जमिनीशी धरून ठेवायला. पहिले आकडे उनाने परत केले, वाक फार टोकदार होता, साल कापली गेली असती. त्याने मुकाट्याने सगळे पुन्हा वाकवले, कुबडीच्या गोल दांड्यावर घेऊन. ते बरोबर झाले.

रस्ता उघडला तेव्हा उना आणि नोएल निघाले. नोएलने लेसला विचारलं नाही, फक्त गाडीचं दार थोडा वेळ उघडं ठेवलं. लेसने जागेवरून न हलता रस्ता सांगितला.

"गुराख्यांच्या जुन्या झोपडीच्या धुराड्याकडे पाठ करा. समोर दोन डोक्यांचं निलगिरीचं झाड दिसेल, वीज पडलेलं. त्याच्या डावीकडून उतरा. उजवीकडून जाल तर कमरेपर्यंत चिखलात जाल, आणि नोएलला काढायला मला गुरं पाठवावी लागतील."

जागा होती तशीच होती. बर्फाचे मळके तुकडे अजून सावलीत पडलेले. बरीच वर्षं गुरं तिथून गेली नव्हती, पण जुन्या खुरांच्या खड्ड्यांतून हीथ आडवं पसरलेलं दिसत होतं. उनाने फावडं नोएलकडे दिलं आणि हातांनीच चिखल उकरला. पाणी इतकं गार होतं की थोड्या वेळाने बोटं आहेत का नाहीत हे बघून खात्री करावी लागत होती. फांदी सापडली. तिने खालून बोटं फिरवली. केसांसारखी मुळं हाताला लागली.

"आहेत," ती म्हणाली.

आईकडची बाजू कापायची, मुळांभोवतीची काळी माती अजिबात झटकायची नाही, तसाच गोळा ओल्या गोणपाटात ठेवायचा. हीथला स्वतःची माती लागते, धुतलेलं मूळ टिकत नाही. दिवसभर दोघं वाकलेली होती. जेवढं काढलं त्याच्या दुप्पट फांद्या त्यांनी लेसच्या आकड्यांनी चिखलात दाबून ठेवल्या, पुढच्या वर्षासाठी. उतरताना नोएलला सरळ उभं राहता येईना.

झाडं मागच्या व्हरांड्यात आली. त्या संध्याकाळी उनाने फवारा लेसच्या हातात दिला.

"माझ्या हातात?" तो म्हणाला.

"मग कुणाच्या? मी थकलेय."

माणूस यायच्या आधी शेंड्यांवर फिकट हिरवे ठिपके आले. मेलबर्नहून आलेला तो अधिकारी सभ्य होता. नोएलने एक कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढून दाखवला. कडेने मुळांचं जाळं होतं. त्याने ते वाकून बघितलं, आपल्या कागदावर लिहिलं, उनाच्या हातचे दोन स्कोन खाल्ले आणि गेला. शेड राहिली.

पुढे पुष्कळ वर्षं उना तिथेच होती. हीथ दाबकलमानेच करायची. शिकाऊ पोरी यायच्या, त्यांना फांदी कशी वाकवायची ते ती दाखवायची, आणि आकडे लेसकडूनच जायचे. कामावर आलेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य एकच असायचं: याला काही खायला घालायचं नाही, कितीही दया आली तरी. सांध्यांत वात शिरल्यावर बोटं वाकेनाशी झाली, तरी मोजा ती पहाटे स्वतःच चढवायची.

चहाचा डबा भरला तो शेड वाचल्यानंतर तिसऱ्या वर्षी. गाडी जुनी होती, रंग मळकट पिवळा, मागचं एक दार उघडत नव्हतं. गॅरेजवाला ती घरी आणून सोडून गेला. लेस तिच्याभोवती कुबडी टेकत फिरला.

"आणि फ्रिज?"

"फ्रिजला डोंगर चढता येत नाही. बस आत."

तो बसला. डावीकडे खाली बघितलं. तिथे दाबायला काही नव्हतं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, "आधी एक काम आहे." त्याने तिला गोठ्यात पाठवून सुपरची ती अर्धी गोणी आणवली, मागे टाकायला लावली आणि कीथच्या फाटकाशी नेऊन उतरवायला लावली. त्यानंतर गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणावर उनाने दाराची मूठ घट्ट धरली.

"भीती वाटते का गं?" लेसने विचारलं.

"तू समोर बघ," ती म्हणाली.

तो समोरच बघत होता. उना पेथिकच्या पगाराने घेतली ती ही गाडी, क्लच नसलेली.